जुना वाडा, वेस किंवा बारव नगरपरिषदेच्या वारसा यादीत कशी आणावी

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, यावल, नंदुरबार यांसारख्या जुन्या पेठांच्या गावांत नगरपरिषदेच्या सभेपुढे येणारे विषय बहुतेक ठरलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, गटारीच्या कामाचे दर मंजूर करणे, पाणी शुद्धीकरणासाठी तुरटी व क्लोरीनची खरेदी, पथदिव्यांची देखभाल, आठवडे बाजाराच्या फी वसुलीचा ठेका, व्यापारी संकुलातील गाळ्यांची मुदतवाढ, असा तो क्रम असतो. गावातील एखाद्या वास्तूची वारसा म्हणून नोंद व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांनी हा विषय याच रांगेत, याच कार्यालयीन भाषेत आणि याच प्रकारच्या कागदांसह कसा उभा करावा, हे येथे सांगितले आहे. सत्कार, मिरवणूक आणि मानपत्र यांचा मार्ग वेगळा आणि पुष्कळ सोपा आहे. परंतु त्याने भिंत वाचत नाही.

आधी कोणती मान्यता हवी ते ठरवावे

"वास्तूला वारसा दर्जा मिळावा" या एका वाक्यात लोक चार निरनिराळ्या गोष्टी मागत असतात, आणि अर्ज अडकण्याचे पहिले कारण तेच असते.

पहिली गोष्ट म्हणजे गौरव. चौकाला नाव देणे, माहितीफलक लावणे, एखाद्या संस्थेचे अभिनंदन करणे ही कामे नगरपरिषदेच्या साध्या ठरावाने होतात. पुतळ्याचा विषय मात्र यात धरू नये, कारण त्याला जिल्हाधिकाऱ्यांकडील परवानगीची स्वतंत्र वाट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे विकास योजनेतील, म्हणजे शहरातील जमिनीचा वापर, रस्ते व आरक्षणे ठरवणाऱ्या आराखड्यातील, वारसा यादी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू आणि परिसर यांचे जतन हा विकास योजनेचाच एक विषय मानलेला आहे, आणि नगरपरिषदांना २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वारसा वास्तूंविषयी तरतुदी आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे राज्य संरक्षित स्मारक. तो अधिकार १९६० च्या राज्य अधिनियमाखाली शासनाचा असून त्याचे काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. खानदेशातील प्रकरणे त्याच्या नाशिक विभागीय कार्यालयामार्फत जातात. चौथी गोष्ट म्हणजे १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाखालील राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचे मंदिर किंवा साक्री तालुक्यातील बलसाणे येथील मंदिरे या शेवटच्या वर्गातील आहेत.

या चारांतील फरक अर्जदाराला नीट ठाऊक असावा, कारण विरोध बहुधा गैरसमजातून उभा राहतो. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. हा नियम २०१० च्या दुरुस्तीपासून अधिक कडक झाला. तो लोकांनी ऐकलेला असतो, आणि आपल्या गल्लीतील वाडा वारसा यादीत गेला की शेजारच्या दहा घरांची दुरुस्तीही थांबेल अशी भीती पसरते. नगरपरिषदेच्या विकास योजनेतील यादीला हा १०० मीटरचा नियम लागत नाही. त्या यादीचे बंधन त्या वास्तूपुरते, किंवा संपूर्ण परिसर नोंदवला असेल तर त्या परिसरापुरते असते. अर्जाच्या पहिल्या पानावरच ही गोष्ट लिहावी आणि गल्लीतील लोकांना तोंडीही सांगावी. सभेतील निम्मी चर्चा त्यामुळे वाचते.

नगरपरिषदेच्या हद्दीतील वाडा, वेस, गढी, पायविहीर, जुनी गिरणी, वाचनालयाची इमारत अशा वास्तूंसाठी दुसरा मार्ग हाच बहुतेक वेळा योग्य असतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील वास्तूसाठी नगरपरिषदेकडे जाण्यात अर्थ नाही. वास्तू आधीच संरक्षित आहे किंवा कसे, हेही प्रथम विचारून घ्यावे. पारोळ्याच्या भुईकोटासारखी वास्तू गावाच्या ऐन मध्यात असते, तिच्या भोवतीचा खंदक, लगतचा रस्ता आणि दुकाने यांचे मालक वेगवेगळे असू शकतात, आणि कोणत्या भिंतीवर कोणाचा अधिकार चालतो हे ठाऊक नसताना केलेला अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो.

वास्तूची कागदावरील ओळख

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक घ्यावे आणि नगरपरिषदेच्या कर विभागातून करआकारणीचा उतारा घ्यावा. दोन्हींवरील क्रमांक, क्षेत्र आणि नावे जुळतात का ते पाहावे. जुन्या पेठांत ती सहसा जुळत नाहीत: मालमत्ता पत्रकावर पणजोबांचे नाव असते, करआकारणीवर एका नातवाचे असते, आणि राहणारा तिसराच कोणी असतो. ही तफावत लपवू नये. अर्जात ती जशी आहे तशी नमूद करावी. त्याचबरोबर मंजूर विकास योजनेचा भाग नकाशा घेऊन त्या जागेवर रस्तारुंदीकरणाची रेषा किंवा आरक्षण पडते का, हे नगररचना सहायकाकडून समजून घ्यावे. रुंदीकरणाची रेषा वाड्याच्या ओट्यावरून जात असेल तर खरा प्रश्न तिथे आहे, आणि केवळ वारसा नोंद मागून तो सुटत नाही. रेषा बदलण्याची मागणी त्याच अर्जात स्पष्ट शब्दांत करावी लागते.

त्यानंतर वर्णन. येथे अनेक अर्ज काव्यात शिरतात. "गावाचे वैभव", "पूर्वजांची साक्ष" अशा शब्दांनी छाननी करणाऱ्याला काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी जे दिसते ते क्रमाने लिहावे: जोते काळ्या दगडाचे असून किती उंच आहे, दर्शनी बाजूस किती खण आहेत, खांब सागवानी आहेत का, खांबावरील कोरीवकाम कोणत्या प्रकारचे आहे, माडीची तक्तपोशी शाबूत आहे का, छप्पर मूळच्या मातीच्या धाब्याचे आहे की त्यावर नंतर पत्रा किंवा स्लॅब आला आहे. खानदेशातील जुन्या घरांत धाबे हा महत्त्वाचा भाग आहे. पावसाळ्यापूर्वी माती टाकून ते राखण्याची रीत अनेक ठिकाणी बंद पडली आणि तिच्याबरोबर घरेही गळू लागली. म्हणून धाब्याची आजची स्थिती वर्णनात हमखास असावी. चारही बाजूंची, दरवाज्याची, आतील चौकाची आणि मोडलेल्या भागांची छायाचित्रे जोडावीत, आणि प्रत्येकाखाली तारीख लिहावी. मोजमापासह साधा आराखडा एखाद्या वास्तुविशारदाकडून किंवा तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांकडून करून घेता येतो.

इतिहासाचा भाग लिहिताना पुरावा आणि आख्यायिका वेगळ्या ठेवाव्यात. १८८० चे खानदेश जिल्हा गॅझेटिअर हे सुरुवातीला पाहण्याजोगे साधन आहे, कारण त्यात त्या काळच्या गावांची, किल्ल्यांची, देवळांची आणि बाजारपेठांची नोंद गाववार दिलेली आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे; इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी मंडळ उभे राहिले. जुन्या घराण्यांच्या वाड्यांविषयी लिहिताना तेथील दप्तर एकदा पाहावे. वास्तूवर शिलालेख असेल तर त्याचे स्वच्छ छायाचित्र द्यावे, परंतु अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत ऑइलपेंट भरू नये. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या लेखामुळे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेथे मठ स्थापल्याचे आज आपल्याला निश्चितपणे सांगता येते, ते दगडावरची अक्षरे वाचण्याजोगी राहिली म्हणून.

पारोळ्याचा किल्ला १७२७ मध्ये बांधला गेला ही नोंद आणि झाशीच्या राणीच्या माहेराशी त्याला जोडणारी सर्वतोमुखी असलेली कथा, या दोन्ही अर्जात येऊ शकतात. परंतु पहिलीपुढे साधनाचा उल्लेख असावा आणि दुसरीपुढे "परंपरेनुसार" हा शब्द. असे केल्याने अर्ज दुबळा होत नाही. उलट, आख्यायिका पुरावा म्हणून मांडली आणि हरकतदाराने ती खोडली, तर बाकीचा खरा मजकूरही संशयाच्या छायेत जातो.

व्यक्तींशी किंवा घटनांशी जोडलेल्या वास्तूंसाठी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. बालकवींचा जन्म १८९० साली धरणगावला झाला, अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली, फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. या सर्व गोष्टी सुप्रसिद्ध आहेत, परंतु यादीत नोंद गावाची होत नाही, भूमापन क्रमांकाची होते. ते घर हेच, ती जागा हीच, हे दाखवणारा कागद जोडल्याशिवाय अशा अर्जाला पुढची पायरी चढता येत नाही.

ज्या वास्तूविषयी दोन समाजांत मतभेद किंवा न्यायालयात वाद चालू आहे, तिच्याबाबत अर्जात फक्त दिसणारी रचना आणि उपलब्ध नोंदी लिहाव्यात. वाद कोणाच्या बाजूने सुटावा हे सुचवणारे एकही विशेषण नसावे. नगरपरिषदेची सभा ही त्या प्रश्नाची जागा नव्हे.

मालकाशी बोलणे

हे काम अर्जापूर्वी करावे, नंतर नव्हे. वाडा खाजगी असेल तर सर्व हिस्सेदारांची यादी करावी. एक भाऊ गावात, दुसरा पुण्याला, बहिणी सासरी, अशी स्थिती असते आणि सूचना निघाल्यावर ज्याला कोणी विचारले नव्हते तोच हरकत घेतो. देवस्थान असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव घ्यावा, वक्फ मालमत्ता असेल तर संबंधित मुतवल्ली (तिचा व्यवस्थापक) किंवा समितीचे पत्र घ्यावे.

मालकाला खरे तेच सांगावे. वारसा वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी होते; पहिल्या श्रेणीत बदलाला जवळपास वाव नसतो, दुसरीत आतील बदल काही प्रमाणात करता येतात, तिसरीत त्याहून अधिक मोकळीक असते. पेठेतील राहत्या वाड्यासाठी पहिल्या श्रेणीचा आग्रह धरणे हा माझ्या मते उत्साहाचा अतिरेक आहे. ज्या घरात माणसे राहतात त्यात न्हाणीघर बदलावे लागते, वायरिंग नवे करावे लागते. नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे त्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची, तरतूद असली तरी लहान गावात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळणे अवघड असते, म्हणून त्याचे आमिष दाखवू नये. नोंद झाली म्हणजे नगरपरिषद दुरुस्तीचा खर्च देईल, असेही कोणी सांगू नये.

अर्जापासून विषयपत्रिकेपर्यंत

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि त्याची प्रत नगराध्यक्ष, प्रभागातील नगरसेवक व सहायक संचालक, नगररचना यांना द्यावी. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. "साहेबांच्या हातात दिला आहे" या वाक्याला दफ्तरात किंमत नसते. आवक क्रमांक असला की तीन महिन्यांनी विचारता येते, आणि उत्तर न मिळाल्यास दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात त्या अर्जावरील टिपणीची प्रत मागता येते. त्याला तीस दिवसांची मुदत आहे.

अर्जावर संबंधित विभाग टिपणी तयार करतो आणि ती मुख्याधिकाऱ्यांमार्फत विषयपत्रिकेकडे जाते. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ८१ नुसार सर्वसाधारण सभा साधारणतः दोन महिन्यांतून एकदा होते आणि तिची सूचना पूर्ण सात दिवस आधी काढावी लागते. म्हणून टिपणी सभेच्या किमान तीन आठवडे आधी तयार होईल असा पाठपुरावा ठेवावा. विषय नियोजन व विकास समितीपुढे आधी ठेवता आला तर उत्तम, कारण तेथे पाचसहा जण नकाशा समोर ठेवून बोलतात; सर्वसाधारण सभेत पाणीपुरवठ्यावर दीड तास गेल्यानंतर वारशाच्या विषयाला पाच मिनिटे मिळतात.

विषय "ऐनवेळचे विषय" या सदरात घालून सर्वानुमते मंजूर करून घेण्याचा मोह टाळावा. विषयपत्रिकेवर नसलेला आणि मालकांच्या हक्कांवर परिणाम करणारा ठराव आव्हानापुढे टिकणे कठीण असते. बेकायदेशीर वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगित करू शकतात, आणि एकदा स्थगित झालेला विषय पुन्हा मांडायला कोणी सदस्य सहजासहजी पुढे येत नाही. नगरपरिषदेवर प्रशासक असतील तर सभेचे अधिकार त्यांच्याकडे असतात आणि ठराव लवकर होतो, हे खरे. परंतु लोकांच्या सूचना-हरकतींची पायरी त्या वेळीही वगळता येत नाही.

ठरावाच्या मसुद्यात कृती असावी. नमुन्यादाखल पुढील मजकूर वापरता येईल:

"मौजे (गावाचे नाव) येथील नगर भूमापन क्रमांक (क्रमांक) या मिळकतीवरील (वास्तूचे नाव) ही वास्तू ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाची असल्याचे सोबतच्या टिपणीवरून सभेच्या निदर्शनास आले. सदर वास्तूचा समावेश शहराच्या वारसा यादीत श्रेणी (श्रेणी) मध्ये करण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार फेरबदलाची कार्यवाही सुरू करण्यास, त्यासाठी सूचना प्रसिद्ध करण्यास, प्राप्त हरकती व सूचनांवर सुनावणी देण्यास आणि प्रस्ताव शासनाकडे सादर करण्यास मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करण्यात येते. अंतिम निर्णय होईपर्यंत सदर मिळकतीवरील कोणत्याही बांधकाम किंवा पाडकाम परवानगीचा अर्ज सभेच्या निदर्शनास आणावा."

मसुद्यातील शेवटचे वाक्य हमखास गाळले जाते, आणि प्रस्ताव मंत्रालयात असताना वाडा पडतो. ते वाक्य इतिवृत्तात आले आहे की नाही, हे पुढील सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी पाहावे. सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदली गेल्याची खात्री करावी आणि ठरावाची साक्षांकित प्रत घेऊन ठेवावी.

शहराची विकास योजना सुधारित करण्याचे काम चालू असेल तर कलम ३७ च्या वेगळ्या वाटेची गरज नाही. सुधारणा साधारणतः वीस वर्षांतून एकदा होते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर सूचनेत दिलेल्या मुदतीत, सहसा तीस दिवसांत, वास्तूंची संपूर्ण यादीच सूचना म्हणून दाखल करावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. एकेक वाडा धरून झगडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी कमी खर्चाचा आहे, आणि ती संधी निघून गेली की पुन्हा दोन दशके येत नाही.

ठराव झाल्यानंतरचे नेहमीचे कामकाज

यादीत नाव आल्यावरही वास्तूला धोका असतो, आणि तो बहुधा नगरपरिषदेच्या अगदी साध्या कामांतून येतो. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, नगरपरिषद धोकादायक इमारतींची यादी करते आणि १९६५ च्या अधिनियमातील कलम १९५ खाली नोटिसा काढते. रिकामा जुना वाडा त्या यादीत जवळजवळ हटकून असतो. अशी नोटीस म्हणजे पाडण्याचाच आदेश असे मालक समजतो. वास्तविक इमारत दुरुस्त करणे किंवा आधार देऊन सुरक्षित करणे हाही मार्ग असतो. नोटीस मिळताच संरचना अभियंत्याचा अहवाल जोडून, कोणता भाग उतरवावा लागेल आणि कोणता टेकू देऊन टिकेल, असे लेखी उत्तर द्यावे. वाट पाहिली तर पहिल्या मोठ्या पावसानंतर हा विषय जेसीबीच्या चालकाकडे गेलेला असतो.

दुसरा धोका रस्त्याचा. काँक्रीटचा थर जुन्या रस्त्यावर दरवेळी चढत गेला की वेशीचे जोते गाडले जाते आणि पावसाचे पाणी ओट्यावरून आत शिरते. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक तयार होत असतानाच, जुना थर खरवडून मगच नवा घालावा, अशी लेखी मागणी बांधकाम विभागाकडे करावी. पायविहिरीत कचरा पडू नये म्हणून जाळी बसवणे, वेशीच्या कमानीवरचे फ्लेक्स काढणे, दगडी भिंतीवर चुना किंवा ऑइलपेंट न फासणे या गोष्टींना शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्या आरोग्य व बांधकाम विभागाच्या रोजच्या कामात बसतात. दुरुस्तीसाठी निधी हवा असल्यास अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी, म्हणजे जानेवारीतच, एक लेखाशीर्ष (खर्चाचे स्वतंत्र सदर) सुचवावे, मग रक्कम थोडी असली तरी चालेल. शीर्षच नसेल तर पुढे जिल्हा नियोजन समितीकडून काही मिळाले तरी त्याचा हिशेब बसवताना अडचण येते.

अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या वैशाखातील रथासारखा वारसा मात्र भूमापन क्रमांकात बसत नाही. त्याच्यासाठी मार्गाचा नकाशा, वीजतारांची उंची, मार्गावरील अतिक्रमणे आणि बोरी नदीच्या पात्रातील स्वच्छता यांची वार्षिक टिपणी नगरपरिषदेकडे उत्सवाच्या दोन महिने आधी द्यावी, आणि दरवर्षी मागील वर्षीच्या टिपणीचा आवक क्रमांक तिच्यात नमूद करावा.

माहितीफलक लावताना मजकूर आधी सभेपुढे ठेवून मंजूर करून घ्यावा. फलकावर वास्तूचे नाव, अंदाजे काळ, बांधणारा ठाऊक असल्यास त्याचे नाव, नगर भूमापन क्रमांक, ठरावाचा क्रमांक आणि तारीख एवढे पुरे. पदाधिकाऱ्यांची नावे घालायचीच असतील तर ती खाली, लहान अक्षरांत असावीत. फलक भिंतीला खिळे ठोकून लावू नये. शेजारी स्वतंत्र खांबावर बसवावा.